नाना, त्या बरणीत दारू नव्हती

नाना,

तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. तुमच्याकडे तेराव्यापर्यंत गेलेल्या माणसाविषयी कडू बोलत नाहीत, म्हणून मी तेरावा होऊ दिला. वर आणखी अकरा दिवस गप्प बसलो. पण राग काही उतरत नाही. तो गावावर आहे, रंगनाथशेठवर आहे, पोलिसांच्या त्या पंचनाम्यावर आहे. आणि तुमच्यावर आहे. तुमच्यावरचा जरा जास्तच, कारण बाकीच्यांकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती.

लोक आता तुमच्याविषयी काय बोलतात ते ऐकायला तुम्ही नाही, हे एका परीनं बरंच. "नानाच्या हाताला काय वास होता!" म्हणतात. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत म्हणतात. वर्षभर ज्यांनी तुमच्या दुकानाची पायरी चढली नाही तेच म्हणतात. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठतो.

मी या गावात आलो तो दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. मिरजगावला एसटी बदलून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन, हायस्कूलचा सायन्सचा मास्तर म्हणून उतरलो. माझं गाव खर्ड्याच्या बाजूचं. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आमच्या माणसाच्या डोक्याला हात लावणारा न्हावी मी आमच्या बाजूला कधी पाहिला नव्हता. वस्तीत आम्हीच एकमेकांचे केस कापायचो, कधी सरळ, कधी वाकडे. नोकरी लागल्यावर दाढी मी स्वतः करू लागलो आणि केसांसाठी महिन्यातून एकदा एसटीनं नगर गाठायचं असं ठरवून टाकलं. आपल्या गावातही तेच करायचं मनात होतं.

पण तुमच्या दुकानावरून जाताना तो वास आला. लवंगेचा, संत्र्याच्या सालीचा, आणि त्यामागून काहीतरी उबदार, तिखट. असा वास मी नगरच्या सलूनमध्येही कधी घेतला नव्हता. लोक म्हणाले, हे नाना, पलटणीत होते, नगरच्या कॅम्पात सगळी हयात साहेबांच्या दाढ्या केल्या, आता म्हातारपणी गावी येऊन दुकान टाकलंय. मला वाटलं, पलटणीतला माणूस म्हणजे निराळा असणार. चढलो पायरी.

बाकावर तिघं बसले होते. तुम्ही पट्ट्यावर वस्तरा लावत होतात. "या मास्तर, नाव काय म्हनायचं?" मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. तुमचा हात पट्ट्यावर थांबला. बाकावरच्यांपैकी एकानं छताकडे पाहिलं. मग तुम्ही फार सौजन्यानं म्हणालात, "आज गर्दी हाय मास्तर. उद्या सकाळी सहाला या. निवांत करू."

मी भाबडा. खरंच गर्दी आहे असं समजून गेलो. दुसऱ्या दिवशी सहाला आलो तर पुढची फळी बंद. तुमच्या काशीकाकू बोळात उभ्या होत्या. "हिकडनं या," म्हणाल्या. मागच्या परसातून, पाणी तापवायच्या बंबाजवळून मी आत आलो. तुम्ही केस कापलेत, दाढी केलीत, इतक्या हलक्या हातानं की वस्तरा कधी फिरला ते कळलं नाही. मग एका बाटलीतून तळहातावर चार थेंब घेऊन तुम्ही माझ्या दोन्ही गालांवर चापट्या मारल्यात. अंगावर काटा आला. आणि त्याच बोळातून मला बाहेर काढलंत. बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा मला उमगलं.

उमगलं, आणि तरी मी पुन्हा आलो. हे आज लिहून ठेवतो, कारण सगळा राग दुसऱ्यावर काढून मोकळा होणाऱ्यांपैकी मी नाही. पाच महिने मी त्या बोळातून आलो. कायद्यानं तुमच्यावर फिर्याद करता आली असती मला. केली नाही. का? तुमचा हात चांगला होता म्हणून. तुम्ही बोलायचात म्हणून. या गावात शाळेबाहेर माझ्याशी दहा मिनिटं बसून बोलणारं दुसरं कोण होतं?

आणि ती बेरम होती.

तुम्ही तिला बेरम म्हणायचात. ती कथा तुम्ही मला निदान तीनदा सांगितलीत. कॅम्पातला एक गोरा साहेब दाढी झाली की स्वतःची बाटली काढायचा, आणि खुशीत असला की चार थेंब तुमच्याही गालाला लावायचा. देश सोडून जाताना उरलेली बाटली त्यानं तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही ती दिवाळीच्या दिवाळीला वापरून सात वर्षं पुरवलीत. संपल्यावर बाटली टाकवेना. चौकोनी, जाड काचेची, लेबल जवळजवळ उडालेलं. इंग्रजीत 'बे' आणि 'रम' एवढेच दोन शब्द शाबूत. त्या रिकाम्या बाटलीचा वास घेऊन घेऊन तुम्ही तिच्यात काय काय असावं ते हुडकून काढलंत. आधी खोबरेल तेलात करून पाहिलीत, मग सिरक्यात. शेवटी पेन्शनीत आल्यावर फौजी कोट्याची रम मिळायला लागली तेव्हा कुठे जमलं.

"ते पान आपल्याकडचं न्हाई मास्तर," तुम्ही म्हणाला होतात. "साहेब म्हनायचा, दर्यापारच्या बेटावरचं झाड हाय."

"मग तमालपत्र का घालता?"

"वास भावाभावासारखा लागतो. सख्खा न्हाई, चुलत म्हना."

काचेची बरणी. तळाला तमालपत्र, हातानंच मोडून टाकायचं. "कुटायचं न्हाई, कुटलं की कडवट व्हतं." त्यावर दहाबारा लवंगा जराशा ठेचून, बोटभर दालचिनी, जायफळाची एक कपची, दोन संत्र्यांची साल. मग रम. तुमच्या गळ्यात माळ होती, उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हतात. रम ओतताना तुम्ही श्वास कोंडून तोंड बाजूला करायचात, जसं काही बरणीतून नाग निघणार आहे, आणि झाकण बसलं की मोठ्यानं "हां" करायचात. काशीकाकू आतून हसायच्या. मग बरणीला गोणपाट गुंडाळून फडताळात पंधरा दिवस. रोज सकाळी एकदा हलवायची.

तुमची बेरम गढूळ व्हायची. वास उत्तम, पण आठ दिवसांत तळाला गाळ बसायचा, आणि साहेबाची कशी काचेसारखी होती याची तुम्हाला हळहळ वाटायची. मी म्हणालो, नाना, संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग चाकूनं खरवडून टाका, गढूळपणा आणि कडूपणा तिथून येतो. आणि धोतराच्या फडक्यानं गाळू नका. शाळेच्या प्रयोगशाळेतला गाळणकागद मी आणला. नरसाळ्यात घडी करून बसवला. थेंब थेंब पडायला लागला. तुम्ही समोर उकिडवे बसलात. "आसं टिपटिप गळाया लागलं तर म्हातारा मरून जाईल की ओ," म्हणालात. पण उठला नाहीत. बाटली भरल्यावर ती खिडकीच्या उजेडात धरलीत. कडक कोऱ्या चहासारखा रंग, आणि आरपार.

"काशे! ए काशे! पलीकडचं दिसतंय बघ!"

साठीचा माणूस लहान पोरासारखा नाचताना मी त्या दिवशी पाहिला. तुमच्याविषयी चांगलं काही आठवायचं म्हटलं की मला तो क्षण आठवतो, आणि त्यासाठी मी तुमचा ऋणी आहे. शाळेत मी जे शिकवतो ते कोणाच्या तरी तोंडावर असा आनंद आणू शकतं, हे मला तुमच्या दुकानात बसून कळलं.

बरणी उन्हात ठेवायची की अंधारात, यावर आपलं वाजलं होतं. मी म्हणायचो, उबेनं अर्क लवकर उतरतो. तुम्ही म्हणायचात, उन्हानं वास उडतो. शेवटी दोन बरण्या केल्या, एक परसातल्या उन्हात, एक फडताळात, आणि पंधरा दिवसांनी डोळे बांधून वास घ्यायचा असं ठरलं. तो निकाल लागायचा राहिला, कारण दहाव्या दिवशी समोरचे कापडवाले रंगनाथशेठ सकाळीच आले.

मी खुर्चीत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण. पुढच्या फळीवर थाप पडली. "नाना, उघड रे, लग्नाला जायचंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मागच्या दाराकडे मान केलीत. आणि मी उठलो, नाना. तोंडावर साबण घेऊन मी उठलो आणि बंबाजवळ जाऊन उभा राहिलो. आतून सगळं ऐकू येत होतं. वस्तरा फिरला. मग बाटलीचं बूच निघालं. मग चापट्या. "वा! अजून एक हात मार की रे. आज तर काचेसारखी दिसतीय. काय केलंस?" आणि तुम्ही म्हणालात, "काय न्हाई शेठ, जरा नीट गाळली."

नीट गाळली! ती मी गाळली होती. ज्या खुर्चीत ते बसले होते ती माझ्या अंगानं अजून गरम होती.

मी साबण शर्टाच्या बाहीला पुसला आणि तसाच, एका गालावर दाढी घेऊन, शाळेत गेलो. पोरं हसली. संध्याकाळी मी पहिल्यांदा पुढच्या दारानं आलो. दुकानात तुम्ही एकटेच होता.

"पलटणीत तुम्ही कोणाकोणाची दाढी करायचात, नाना?"

"समद्यांची. तिथं जात कोन इचारतं?"

"आणि इथं?"

"हितं गाव हाय, मास्तर."

"त्या गोऱ्यानं तुमच्या गालाला स्वतःच्या हातानं बेरम लावली, त्याला तुमची जात आड आली नाही. आणि तुम्ही मला बंबाजवळ उभं करता."

तुम्ही खाली बघून खुर्ची पुसत राहिलात. मी निघून आलो आणि पुढचे तीन महिने तुमच्या दुकानाकडे मान वळवली नाही. पुन्हा नगरची एसटी सुरू केली.

त्या तीन महिन्यांत एकदा काशीकाकू शाळेत आल्या. पिशवीत बाटली होती. "ह्यांनी दिलीया. नवी हाय." मी म्हणालो, परत न्या. त्या म्हणाल्या, "न्हेते. पन त्यास्नी काय सांगू?" मी म्हणालो, "सांगा, मला वास नको, खुर्ची पाहिजे." काकूंनी ते वाक्य पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून, आणि गेल्या.

त्यानंतरचा शुक्रवार. बाजाराचा दिवस. मी पोस्टातून येत होतो. तुमच्या दुकानात गर्दी, रंगनाथशेठ बाकावर पहिल्या नंबरला. त्यांचं कापडाचं दुकान समोरच, तरी बाजारच्या दिवशी ते तुमच्याकडे यायचेच. तुम्ही पायरीवर आलात आणि आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडलात, "मास्तर! या की. खुर्ची रिकामी हाय."

खुर्ची रिकामी होती खरी. नुकतंच एक गिऱ्हाईक उठलं होतं, आणि शेठ बाकावरून उठायच्या बेतात होते.

मला आत यायची भीती वाटली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी बसलो. तुम्ही तोच टॉवेल झटकून माझ्या गळ्याशी बांधलात, त्याच वाटीत ब्रश फिरवलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमच्या हातून वस्तरा लागला, हनुवटीखाली. तुम्ही तुरटी लावलीत, मग बेरम. ती जखमेवर झोंबली. शेठ उठले, चप्पल घातली, आणि समोर आपल्या दुकानात गेले. मागोमाग बाक रिकामा झाला. तुम्ही मला म्हणालात, "केसबी कापू का? आता येळच येळ हाय." आणि आपण दोघं हसलो.

त्या दिवशी मी तुमच्यावर जितकी माया केली तितकी फार थोड्या माणसांवर केली असेल. म्हणूनच पुढचं मला गिळवत नाही.

गिऱ्हाईक तुटलं. शुक्रवारी एखादा परगावचा सोडला तर दिवस दिवस खुर्ची रिकामी. पाऊस आधीच दडी मारून बसला होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांच्या दाढ्या वाढल्या, पण कोणी तुमच्याकडे आलं नाही. मी दर शुक्रवारी यायचो आणि पुढच्या खुर्चीत बसायचो. कोणी उघड काही बोलेना, कारण उघड बोललं तर कायदा आहे हे रंगनाथशेठना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. अर्ज गेला: अमुक इसम दुकानात चोरून दारू गाळतो, त्यामुळे गावातली तरुण पोरं बिघडत आहेत. खाली सात सह्या आणि अंगठे.

पोलीस आले त्या दिवशी मी वर्ग सोडून पळत आलो. फौजदार तरुण होता. त्यानं बरणीचं झाकण काढून वास घेतला, दोन बोटं बुडवून मनगटाला लावली. "वास तर झकास आहे," म्हणाला. "पण सात जणांचा अर्ज आहे, मला काहीतरी न्यावं लागेल." मी सांगितलं, साहेब, हे दाढीनंतर लावायचं आहे, कोणी प्यायलं तर ओकून मरेल. तेवढ्यात हवालदारानं फडताळातून साहेबाची ती रिकामी बाटली काढली आणि लेबलावर बोट ठेवलं. "साहेब, हितं सोच्छ रम लिव्हलंय."

"अहो, बे रम. बे म्हणजे एक झाड असतं."

"मास्तर, रमचा अर्थ तुमी आमाला शिकवनार व्हय?"

पंचनाम्यात लिहिलं: गडद तपकिरी रंगाचा, दारूसारखा वास येणारा द्रव, एक बरणी. रम असे इंग्रजीत लिहिलेली रिकामी बाटली, एक. पंच म्हणून सही कोणाची? रंगनाथशेठची. जो माणूस "अजून एक हात मार" म्हणायचा, तो तुमच्या दारात उभा राहून ती दारू आहे म्हणून सही करत होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "शेठ, तुमच्या गालाला विचारा ना, ती दारू होती का ते."

शेठ शांतपणे म्हणाले, "मास्तर, यात तुमचा काय संबंध?"

आणि नाना, तुम्ही, तुम्ही म्हणालात, "व्हय मास्तर. तुमचा काय संबंध न्हाई. तुमी शाळंत जावा."

माझा काय संबंध! सगळा संबंध माझाच होता. त्या जागेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. फौजदारालाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे पाहणं टाळलं.

खटला उभा राहिला. मी तुम्हाला सांगितलं, मी साक्ष देतो. गाळणकागद माझा, कृती मला माहीत, कोर्टात करून दाखवतो. आणि तुम्ही सांगा की हा अर्ज दारूसाठी नाहीच. मी खुर्चीत बसलो म्हणून झाला. तुम्ही नाही म्हणालात. दोनदा विचारलं, दोनदा नाही. वकिलाला तुम्ही सांगितलंत की चूक झाली, कोट्याची रम दुसऱ्या कामाला वापरायला नको होती, माफी असावी.

"कसली माफी? तुम्ही काय केलंत?"

"मास्तर, कोर्टात तुमचं नाव आलं तर तुमाला हितं ऱ्हाऊ देतील का? तुमची नोकरी हाय. लगीन व्हायचंय. माझं काय, मी म्हातारा."

"माझं काय व्हायचं ते मी बघेन."

"तुमी सायन्स शिकवा. गाव मला शिकवू नका."

हे आपलं शेवटचं बोलणं. तुमच्या दाराच्या फळीवर मी हात आपटला आणि निघालो. पहिल्या तारखेला मी गेलो नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्या तारखेला तुम्ही एकटे तालुक्याला गेलात, दुपारपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसलात, पुढची तारीख घेऊन निघालात, आणि एसटी स्टँडच्या बाकावर छातीला हात लावून कलंडलात. मला वर्गात निरोप आला. मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतो.

नंतर वकिलानं सांगितलं, आरोपी मयत, खटला बंद. तुमची सुटका नाही आणि शिक्षाही नाही. बरणी मुद्देमालात पडून आहे. सरकारी कागदावर तुम्ही कायमचे दारू गाळणारे, आणि मी, ज्याच्यापायी हे सगळं झालं, तो त्या कागदात कुठेच नाही. पूर्वी तुम्ही मला बोळातून बाहेर काढायचात. कोर्टातूनही तसंच काढलंत. मायेनं काढलंत, मला कळतं. पण मायेनं काढलं म्हणून माणूस आत राहतो का?

तुमच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत सावळाराम शाळेत आला. तो वेशीजवळचा म्हातारा, तुमचं जुनं गिऱ्हाईक, पंधरा दिवसांनी डोकं गुळगुळीत करून घेणारा. व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला. "मास्तर, त्या अर्जावर माझाबी अंगठा हाय."

मी भडकलो. म्हणालो, "मला काय सांगता? ज्यांचा नवरा गेला त्यांना सांगा." आणि त्याला घेऊन तसाच काशीकाकूंकडे गेलो. काकू रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होत्या. सावळारामनं उभ्या उभ्याच सांगितलं. काकूंनी सूप खाली ठेवलं. रडल्या नाहीत.

"ह्यांनी दारू गाळली न्हाई, ह्ये मला ठावं हाय. तुमालाबी ठावं हुतं. मंग अंगठा कशापायी दिला? दारूपायी का मास्तरांच्या दाढीपायी?"

म्हाताऱ्यानं हात जोडले.

"मला नगा सांगू," काकू म्हणाल्या. "बाजारात सांगा."

मला वाटलं नव्हतं तो सांगेल. पण परवाच्या शुक्रवारी, बाजार भरल्यावर, सावळाराम रंगनाथशेठच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. काशीकाकू डोक्यावरून पदर घेऊन आधीच तिथं आल्या होत्या. मीही होतो. म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला.

"नानानं दारू गाळली न्हाई," तो म्हणाला. आवाज चिरका, पण लांबवर गेला. "म्या अंगठा दिला त्यो दारूसाठी न्हाई दिला. ह्या मास्तरांची दाढी केली म्हनून दिला. सातीजनांनी त्याच्यासाठीच दिला."

कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. शेठच्या हातात कापड मोजायचा गज होता. "म्हातारबा, ऊन लागलं का तुम्हाला?"

"लागलं आस्तं तर बरं झालं आस्तं," सावळाराम म्हणाला आणि पटका बांधत चालू लागला. शेठ गज घेऊन आत गेले. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभं राहिलं. काशीकाकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलं का मास्तर?"

"ऐकलं."

"मंग बास झालं," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

वर्षभर तुमच्या ओठावर आलं नाही ते वाक्य एका निरक्षर म्हाताऱ्यानं भर बाजारात म्हटलं. काय झालं माहीत आहे? काल, शनिवारी सकाळी, माझ्या खोलीच्या खिडकीवर दगड आला. काच फुटली. मी चूळ भरत होतो. बाहेर पाहिलं तर रस्त्यावर कोणी नव्हतं. मी काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या, हात धुतले आणि शाळेत गेलो. सकाळची शाळा, पहिला तास आठवीचा. तो घेतला. दुसरा घेतला.

एवढंच झालं, नाना. उद्या कदाचित अजून काही होईल, तेही बघू. पण तुम्ही ज्याच्या भीतीनं माफी मागत कोर्टाच्या व्हरांड्यात बसलात, ते एका खिडकीच्या काचेएवढं होतं. तुम्ही ते माझ्यासाठी ठरवून टाकलंत. मला एकदा नीट विचारायचं होतंत. मी तयार होतो.